एक चौकट, दोन नावं

इंदुरातल्या जुन्या मराठी घरांमध्ये एक ईमेल सगळ्या घराला पुरतो. तिथल्या एका मंडळाच्या साइटचं लॉगिन हातात घेतलं तेव्हा हे उमगलं. सभासदांचं म्हणणं साधं होतं: यूजरनेम लक्षात राहत नाही, ईमेलनेही आत जाऊ द्या. वर्डप्रेसमध्ये ही सोय २०१६ च्या एप्रिलपासून, म्हणजे ४.५ आवृत्तीपासून आयतीच मिळते. ही साइट मात्र जँगो या फ्रेमवर्कवर, आणि तिथे मूळ ओळख यूजरनेमचीच.

कोड फार लागत नाही. छळते ती लॉगिनची, नाव टाकायची चौकट. तिचा प्रकार ‘ईमेल’ ठेवला, तर नुसतं यूजरनेम ब्राउझरच अडवतो. म्हणून साधी मजकुराची चौकट. फोनचा कीबोर्ड पहिलं अक्षर हौसेने कॅपिटल करतो, सुचवलेला शब्द निवडला की मागे स्पेस चिकटवतो. ती माणसाला दिसत नाही, डेटाबेसला दिसते. तेव्हा मजकूर दोन्ही टोकांना छाटायचा आणि लहान-मोठ्या अक्षरांचा भेद सोडून शोधायचा. पासवर्डला मात्र हात लावायचा नाही. त्यातली स्पेस मुद्दाम दिलेली असू शकते.

‘@ दिसलं की ईमेल’ हा नियमही फसवा. जँगोला यूजरनेममध्ये @ चालतं. उद्या कोणी दुसऱ्याचा ईमेलच स्वतःचं यूजरनेम म्हणून घेईल. नव्या नोंदणीत ते बंद केलं.

मग ती घरं. एक ईमेल एकाच खात्याला, अशी अट जँगो आपणहून घालत नाही. आजोबा, आजी, काकू, तिघांच्या नोंदीत नातवाचा ईमेल. प्रोग्रामने आत कोणाला घ्यायचं? ज्याचा पासवर्ड जुळेल त्याला, असं सहकारी म्हणाला. नातवाला विचारलं, तर तो म्हणतो, “भिया, तिघांना एकच पासवर्ड ठेवलाय. नाहीतर सारखे मलाच फोन करतात.”

मग ठरलं: ईमेलवर एकच खातं असेल तर ईमेल चालेल, नाहीतर यूजरनेम. आणि कारण पडद्यावर सांगायचं नाही. ‘या ईमेलवर अनेक खाती आहेत’ असं दाखवलं, तर सभासद कोण हे परक्यालाही कळतं. चूक कोणतीही असो, वाक्य एकच: तपशील जुळत नाहीत. खातं सापडलं नाही तरी जँगो पासवर्ड तपासण्याइतकं गणित करून घेतो, उत्तराला लागलेल्या वेळेवरूनही कोणाला सुगावा लागू नये म्हणून. आमच्या कोडमध्येही ते ठेवलं.

यूजरनेम आठवत नसेल, तर ‘यूजरनेम पाठवा’ हे बटण आहे. ते दाबलं की तिघांची नावं नातवाच्या ईमेलवर जातात. तो ती घरच्या ग्रुपवर टाकतो.