नावाची पिसू, उडीची स्प्रिंग

आजच्या भागातला जीव साबुदाण्याच्या दाण्याएवढाही नाही, पण त्याच्या नावातच दोन घोटाळे आहेत. इंग्रजीत त्याला म्हणतात 'लुसर्न फ्ली'. लुसर्न म्हणजे आपण गाईम्हशींना घालतो ती लसूणघास. आता तिचा लसणाशी काही संबंध नाही, आणि हा जीवही पिसू नाही. सहा पाय असूनही शास्त्रज्ञ त्याला कीटकांत धरत नाहीत. तो आहे स्प्रिंगटेल, 'स्मिंथुरस व्हिरिडिस'.

गोलमटोल, हिरवट-पिवळा, जेमतेम ३ मिलिमीटर. पोटाखाली दुबेळक्यासारखा एक अवयव दुमडून कडीत अडकवलेला असतो. धोका वाटला की कडी सुटते, दुबेळकं जमिनीवर आपटतं आणि साहेब ३० सेंटिमीटरपर्यंत उडतात. स्वतःच्या लांबीच्या शंभरपट!

मूळचा हा युरोपातला. ऑस्ट्रेलियात त्याची पहिली नोंद १८८४ची, दक्षिण ऑस्ट्रेलियातली. तिथे हिवाळ्यात पाऊस पडतो, त्यावरच याचं गणित बसलंय. कोरड्या उन्हाळ्यात फक्त अंडी मातीत टिकून राहतात. एप्रिल-मेच्या सुमारास पाऊस झाला की पिल्लं बाहेर येतात, नेमकी कोवळी रोपं वर येताना. पानातला हिरवा गर खाऊन ती पातळ पापुद्रा तेवढा ठेवतात. पानाला जणू काचेच्या खिडक्या! लसूणघास, क्लोव्हर, कॅनोला, काहीच सुटत नाही.

मग फवारणी करून टाकायची? इथेच खरी गोम आहे. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधं याला फारशी बाधत नाहीत. पण याला खाणारे सोंडवाले शिकारी कोळी, म्हणजे स्नाउट माइट, त्यांनी मरतात. म्हणजे पैसे आपले गेले, पोलीस मेले आणि चोर मोकळा! म्हणून तिथले सल्लागार सांगतात: आधी शेतात गुडघ्यावर बसा, पानं बघा, कीड ओळखा, शिकारी आहेत का पाहा, मगच औषध निवडा.

आणि हो, पावसाळ्यात तुमच्या कुंडीत बारीक ठिपके टणाटण उडताना दिसले तर लगेच स्प्रे उचलू नका. बहुतेक स्प्रिंगटेल बुरशी आणि कुजका पालापाचोळा खातात, मातीला मदतच करतात. मी तर म्हणेन, मोबाइलचा कॅमेरा झूम करा आणि मजा बघा.

भेटू पुढच्या भागात!