शांत वॉर्ड म्हणजे चांगला वॉर्ड का?

‘चांगलं’ या शब्दाला आज जरा अवघड जागी नेऊन पाहू. मनोरुग्णालयात औषधोपचार चांगले चालले आहेत, हे आपण कशावरून म्हणायचं?

आधीच सांगतो, आमची डॉक्टरेट तत्त्वज्ञानातली. तिच्या भरवशावर कुणी नाडी पुढे करत नाही. पण प्रश्न पुराव्याचा आहे, म्हणून बोलायचं धाडस.

वॉर्डात शिरणाऱ्याला पहिल्यांदा जाणवते ती शांतता. आरडाओरड नाही, नातेवाईक निर्धास्त. पण माणूस दोन कारणांनी शांत होतो: मन ताळ्यावर आलं म्हणून, किंवा गुंगी आली म्हणून. दारातून पाहणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. १९५२ साली पॅरिसच्या सेंट-आन रुग्णालयात डिले आणि डेनिकर यांनी क्लोरप्रोमाझिन वापरलं, तेव्हापासून हा घोटाळा आपल्या सोबतीला आहे. त्या औषधाने कितीतरी लोकांना घरी परत आणलं, हेही तितकंच खरं.

मग दारातून न पाहता कागद पाहायचा. ब्रिटनमध्ये मनोविकारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २००५ मध्ये असा एक उपक्रम सुरू केला. रुग्णालयं आपणहून त्यात येतात, आपल्याच वॉर्डांतली औषधपत्रकं ठरलेल्या निकषांशी ताडून पाहतात आणि काही काळाने पुन्हा तेच करतात. सुरुवातीलाच विषय घेतला तो भ्रम-भास आवरणाऱ्या औषधांच्या जादा डोसचा, आणि अशी दोन-दोन औषधं एकत्र देण्याचा.

यातला हिशेब मोठा बोलका आहे, बरं का. समजा, एका रुग्णाला ओलान्झापिन रोज १५ मिलिग्रॅम. तिथल्या औषधसूचीतली कमाल मर्यादा २०. म्हणजे ७५ टक्के. त्याच पत्रकावर खाली हॅलोपेरिडॉलच्या गोळ्या, दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत, ‘गरज पडल्यास’. तिचीही मर्यादा २०. म्हणजे ५० टक्के. एकेक पाहिलं तर दोन्ही नियमात. बेरीज करा: १२५! शंभराच्या वर गेलं की तो जादा डोस धरतात.

आता हे १२५ ठरवलं कुणी? वरची ओळ सकाळच्या डॉक्टरांची, खालची रात्रपाळीच्या. बहुधा कुणीच ठरवलेलं नसतं, ते नुसतं साचतं. आम्हाला यात खरी गोम दिसते. निर्णय घेणारा कुणी नसतानाही परिणाम मात्र एका माणसाच्या शरीरावर होत असतो.

पण म्हणून १२५ म्हणजे वाईट उपचार, असं नाही. क्वचित तेवढं लागतंही. म्हणून पुढचं विचारायचं: कारण लिहिलंय का? ईसीजी काढला का? वजन, साखर, रक्तदाब कुणी पाहतंय का? ‘गरज पडल्यास’ची गरज अजून उरली आहे का, की ती ओळ महिनाभर कुणी खोडलीच नाही?

कागदालाही एक आंधळी बाजू आहे. जे दिलं ते त्यावर दिसतं. जे द्यायला हवं होतं ते दिसत नाही. स्किझोफ्रेनियात दोन औषधं पुरेशा डोसात, पुरेसे दिवस देऊनही गुण आला नाही, तर क्लोझापिनचा विचार व्हायला हवा. अशा रुग्णांना त्याचा अधिक उपयोग होतो, हे १९८८ मध्येच अमेरिकेतल्या केन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. पण त्याने क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायक इतक्या घटतात, रक्ततपासण्या चुकवून चालत नाही. मग ती यातायात टाळून जुन्याच औषधावर दुसरं चढवलं जातं. बेरीज शंभराच्या आत राहिली, तर डोसाच्या निकषावर तो वॉर्ड पाससुद्धा होईल!

आपल्याकडे २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला स्वतःच्या मूलभूत वैद्यकीय नोंदी पाहण्याचा हक्क दिला आहे. घरचं कुणी दाखल असेल, तर डॉक्टरांना दोन्ही ओळींबद्दल जरूर विचारा, भांडायच्या सुरात नको. आणि गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, ते घातक ठरू शकतं. भेटीला गेल्यावर ‘शांत आहे ना?’ हे नर्सला विचारण्याआधी जो पलंगावर बसलाय त्याला विचारा: दिवसभर झोप येते का, हात थरथरतात का, वाचलेलं डोक्यात राहतं का. पत्रकावर त्याच्या उत्तराला सहसा रकाना नसतो.