फुप्फुसांतील रक्तदाब

डॉक्टरांनीं दंडास पट्टा बांधून रक्तदाब पाहिला व तो ठीक निघाला, कीं घरांतील सर्वांचा जीव भांड्यांत पडतो. परंतु तो पट्टा हृदयाच्या डाव्या बाजूचीच वार्ता सांगतो. उजवी बाजू रक्त फुप्फुसांकडे धाडते. तेथील दाब त्यास कळत नाहीं. निरोगी मनुष्याचा हा सरासरी दाब पाऱ्याच्या सुमारें १४ मिलिमीटर असतो. २० च्या वर गेल्यास तो विकार, असें युरोपीय तज्ज्ञांनीं २०२२ सालीं ठरविलें.

जिना चढतांना धाप, पायांस सूज, श्रमानें घेरी, हीं त्याचीं लक्षणें. परंतु मिरचीच्या हंगामांत आमच्या कळमन्याच्या बाजारांत कोणाचा श्वास कोंडत नाहीं? हमाल पोतें टाकून बसला तर ‘धुळीनें दमला’, आणि घरांत सासूबाई बसल्या तर ‘वय झालें’, असें म्हणून आपण मोकळे होतों. हृदयाची ध्वनिलहरींनीं तपासणी केल्यास संशय येतो. निश्चय मात्र उजव्या हृदयांत नळी घालूनच होतो.

कारणें अनेक. डाव्या हृदयाचें दुखणें हें सर्वांत मोठें. लहानपणीं घसा सुजून पुढें सांधे धरलेल्या मुलाची झडप मोठेपणीं आकसते, ती ह्यांतलीच. विडीनें वा चुलीच्या धुरानें झिजलेलीं फुप्फुसें हें दुसरें. आमच्या विदर्भांत सिकलसेलचाही विचार करावा लागतो. ह्या रोगांत विळ्यासारख्या झालेल्या रक्तपेशी फुटतात, आणि त्यांतून सुटलेलें द्रव्य रक्तवाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड वायु नाहींसा करितें.

सिल्डेनाफिल हें औषध ह्याच वायूचें कार्य वाढवितें. तेव्हां सिकलसेलवर तें रामबाण ठरावें, असें कोणासही वाटेल. प्रत्यक्षांत ह्या रोग्यांवरील प्रयोग २००९ सालीं मध्येंच थांबवावा लागला, कारण त्यांच्या वेदनांचे झटके वाढले! म्हणून शेजारच्या घरीं गुण आलेली गोळी आपल्या घरीं आणणें हा शुद्ध अविचार होय. झडप आकसली असेल तर ती रुंद करावयाची. फुप्फुसें झिजलीं असतील तर धूर सोडून, लागेल त्यास प्राणवायु द्यावयाचा. घरांतील सुनेस हा विकार असेल तर गर्भारपण तिच्या जिवावर बेतूं शकतें, हें नातवाची वाट पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं आधीं ऐकून घ्यावें.

फुप्फुसांत जुन्या गुठळ्या अडकून झालेला प्रकार मात्र शस्त्रक्रियेनें पुष्कळदा बरा होतो. ती मोठी असते व मोजक्याच ठिकाणीं होते.