भाला, ढाल आणि शिवण

एकाच माणसाचीं दोन विधानें परस्परांस खोडून काढतात. दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळत नाहींत. औषध घेतलें तरी प्रकृति सुधारत नाहीं. मराठींत या तिहींसहि 'विसंगति' म्हणून भागतें. जपानी भाषेंत मात्र प्रसंगाप्रमाणें शब्द बदलतो, आणि तो चुकल्यास ऐकणारा दुखावतो.

सर्वांत रूढ शब्द 'मुजुन्'. तो चिनी लिपींतील दोन अक्षरांनीं लिहितात. पहिल्याचा अर्थ भाला, दुसऱ्याचा ढाल. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकांतील चिनी विचारवंत हान् फेइ याच्या ग्रंथांत त्याची जन्मकथा आहे. छु राज्यांतील एक विक्रेता म्हणे, 'ही ढाल कशानेंहि भेदली जाणार नाहीं.' लगेच भाला उचलून सांगे, 'हा भेदणार नाहीं अशी वस्तुच नाहीं.' 'मग या भाल्यानें हीच ढाल भोसकली तर?' असें कोणीं विचारतांच त्याची वाचा बसली. संस्कृत पंडितांचा वदतोव्याघात तो हाच. पण वडील माणसाच्या बोलण्यांत मुजुन् आहे असें तोंडावर सांगणें म्हणजे जवळजवळ आरोपच.

त्यापेक्षां 'कुइचिगाइ' सौम्य. दोन हकीगती एकमेकींशीं जुळत नाहींत, इतकेंच तो सांगतो. खोटें कोण बोललें हें त्यांत येत नाहीं. तिसरा शब्द शिंप्याच्या घरचा आहे. किमोनोच्या शिवणी जेथें एकमेकींस मिळतात ती जागा 'त्सुजि', खालच्या घेराच्या कडा त्या 'त्सुमा'. त्या जुळल्या नाहींत कीं कपडा बिघडला. तसेंच ज्या गोष्टीचे सांधे जुळत नाहींत तिची 'त्सुजित्सुमा' जमत नाहीं. मागाहून सारवासारव करणें यालाहि त्सुजित्सुमा जुळवणें म्हणतात, हें मोठें मार्मिक!

खरी अडचण अव्ययांत आहे. 'केरेदोमो' आणि 'नोनि' या दोहोंचाहि अर्थ शिकणारा 'तरी' असाच पाठ करतो. 'कुसुरि ओ नोन्दा केरेदोमो, नाओरानाइ' म्हणजे औषध घेतलें, पण गुण आला नाहीं; ही नुसती हकीगत झाली. केरेदोमोच्या जागीं नोनि घातलें कीं तींत तक्रार शिरते: एवढें औषध घेऊनसुद्धां गुण नाहीं! म्हणूनच नोनिच्या पुढें सहसा आज्ञा किंवा विनंति येत नाहीं. उलट कित्येकदां पुढें कांहींच येत नाहीं. उशिरां आलेल्या मित्राला 'मात्ते इता नोनि', म्हणजे 'वाट पाहत होतों, तरी...', एवढेंच म्हणून जपानी माणूस थांबतो. उरलेलें मित्राला कळतें.