चारशे पानांतली एक ओळ

भिखू पारेख मूळचे गुजरातेतल्या अमलसाडचे, सोनाराच्या घरातले. मुंबई विद्यापीठातून एम.ए. करून ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेले आणि पुढे हल विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवत राहिले. स्थलांतरितांचे हक्क आणि बहुसांस्कृतिक समाज या विषयांत त्यांचा शब्द प्रमाण मानला जाई. पण अभ्यासकाचा शब्द अभ्यासिकेबाहेर पडला की त्याचं काय होतं, हे त्यांना ऑक्टोबर २००० मध्ये कळलं.

वांशिक समतेसाठी काम करणाऱ्या ‘रनीमीड ट्रस्ट’ या ब्रिटिश संस्थेने १९९८ मध्ये बहुवांशिक ब्रिटनच्या भवितव्यावर आयोग नेमला. अध्यक्ष पारेख. उद्घाटनाला खुद्द गृहमंत्री जॅक स्ट्रॉ. सदस्यांत स्टुअर्ट हॉलसारखे डावे विचारवंत, अँड्र्यू मारसारखे पत्रकार, शिवाय पोलीस खात्यातलेही गृहस्थ. अशा मंडळींनी एकाच मसुद्यावर सह्या करायच्या म्हणजे ओळीओळीवर घासाघीस आलीच. समित्यांवर बसलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. चारशेहून अधिक पानं तयार झाली. पोलिसांच्या झडत्या, शाळा, आरोग्य, नोकऱ्या, सगळ्यांवर शिफारशी.

प्रकाशन ११ ऑक्टोबरला होतं. आदल्याच दिवशी ‘डेली टेलिग्राफ’ने बार उडवला: स्ट्रॉ यांना आपला इतिहास नव्यानं लिहायचाय, आणि अहवालाच्या मते ‘ब्रिटिश’ हा शब्दच वंशद्वेषी आहे! अहवालात होतं एवढंच, की ब्रिटिशपणाच्या कल्पनेला वर्णाचा एक न बोलला जाणारा संदर्भ चिकटलेला आहे. मूळ शब्द ‘रेशियल’. बातमीत झाला ‘रेसिस्ट’. उजव्या वृत्तपत्रांचं सोडा, ‘गार्डियन’चं शीर्षकही त्याच वळणाचं निघालं. चारशे पानं वाचायला वेळ कुणाला होता? त्याच वर्षी उमरावांच्या सभागृहात गेलेले लॉर्ड पारेख एका रात्रीत देशाचे निंदक ठरले.

खरी पंचाईत स्ट्रॉ यांची. आयोगाचा नारळ त्यांनीच फोडलेला, आणि निवडणूक वर्षभरावर आलेली. ते प्रकाशनाला आले, पण ब्रिटिशपणाविषयीच्या त्या मांडणीपासून चार हात दूर राहिले. वर डाव्यांना देशप्रेमाचे चार डोसही पाजले. व्यासपीठावर आयोगाची मंडळी ऐकत होती. अहवालातल्या बऱ्याच शिफारशी मात्र स्ट्रॉ यांना पसंत होत्या आणि तसं ते बोललेही. पण ते पहिल्या पानावर छापणार कोण?