मेयोनेजशिवाय टुना सॅलड

पांढराबोडी, फुटाळा, सुदामनगरी या वस्त्यांतल्या आपल्या कितीतरी भगिनी धरमपेठेतल्या घरांत स्वयंपाकाला जातात. मागच्या आरोग्य बैठकीत त्यांच्यापैकी एकीने विचारले, "ताई, घरच्या बाई म्हणतात टुनाचे सॅलड करा, पण मेयो टाकू नका, वजन वाढते. मग ते मिळून कसे येईल?" मागे बसलेल्या आजी दचकल्या. नागपुरात मेयो म्हटले की दवाखानाच डोळ्यांसमोर येतो. सगळ्या हसलो.

पण ती पुढे जे बोलली, त्यावर आम्ही हा लेख लिहायला घेतला. आजवर ते सॅलड मेयोनेज घालूनच होत असे, आणि मेयोनेज बाटलीतले नाही, कच्चे अंडे आणि तेल मिक्सरमध्ये फिरवून केलेले. दुपारी उरले की बाई तिला डबा भरून देत. तो डबा संध्याकाळी घरी पोचे आणि तिचा बारा वर्षांचा मुलगा आवडीने खाई. मुलगा सिकलसेलचा, एसएस.

आधी मेयोनेज म्हणजे काय ते पाहू. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, पण अंड्याच्या पिवळ्या बलकात असा पदार्थ असतो की तो तेलाचे बारीक थेंब आंबट पाण्यात धरून ठेवतो. म्हणून बलक, लिंबू किंवा व्हिनेगर आणि पुष्कळ तेल घुसळले की पांढरट घट्ट मलई तयार होते. पुष्कळ म्हणजे किती? अमेरिकेत ज्याला मेयोनेज म्हणायचे त्यात निदान 65 टक्के तेल असलेच पाहिजे असा नियम आहे. एका मोठ्या चमच्यात दहा ग्रॅमच्या आसपास तेल आणि 90 ते 100 कॅलरी, म्हणजे जवळपास एका पोळीइतकी ऊर्जा. चार माणसांच्या सॅलडमध्ये असे सहा चमचे सहज जातात. आपल्याकडे बिनअंड्याच्या बाटल्याही मिळतात. त्यांत अंड्याऐवजी स्टार्च वगैरे घालून मलई जमवतात, तेल असतेच, आणि बऱ्याचदा साखरही. बाटलीच्या मागे 100 ग्रॅममध्ये फॅट किती ते छापलेले असते, ते वाचायची सवय लावा.

आता सिकलसेलचे. हा आजार विदर्भात आदिवासी घरांत आहे तसा आपल्या बौद्ध घरांतही आहे. कच्च्या अंड्यात साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. ते कवचावर असतात, कधी अंड्याच्या आतही. लिंबू पिळल्याने ते मरतील याचा भरवसा नाही, नीट शिजवल्यानेच मरतात. निरोगी माणसाला त्यांनी जुलाब, उलट्या, ताप येतो आणि बहुतेक जण चार-सहा दिवसांत सावरतात. एसएस मुलाचे तसे नसते. रक्तातले जंतू गाळून मारायचे काम प्लीहा करते, आणि विळ्याच्या आकाराच्या पेशी अडकून अडकून एसएस मुलांची प्लीहा लहानपणीच निकामी होत जाते. मग आतड्यातून रक्तात शिरलेला साल्मोनेला हाडात जाऊन बसतो आणि हाडात पू होतो. वॉर्डात काम करताना आम्ही अशी मुले पाहिली आहेत. घरचे म्हणतात, "नेहमीचेच दुखणे आहे, क्रायसिस आहे," आणि गोळी देऊन थांबतात. एसएस मुलाला ताप आणि हाडदुखी एकत्र आली, एकच जागा सुजली, गरम लागली, तर वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. एएस म्हणजे वाहक असलेल्यांना हा धोका असा नसतो, पण गरोदर बाई, तान्हे मूल आणि म्हातारी माणसे यांनीही कच्चे अंडे टाळावेच.

ही भीती आमच्या एकट्यांची नाही. केरळने जानेवारी 2023 मध्ये, तेलंगणाने ऑक्टोबर 2024 मध्ये आणि तामिळनाडूने एप्रिल 2025 मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनेजवर बंदी आणली. मोमो, शोरमा, सँडविच यांच्या गाड्यांवर ते सर्रास दिले जात होते. आपली पोरे फुटाळ्यावर मोमो खातात तेव्हा सोबतची पांढरी चटणी कशाची आहे, हे विचारायला लाजू नये.

आणि त्या डब्याबद्दल एक गोष्ट. कोणी ताटात उरवलेले आणि पातेल्यात उरलेले यांत फरक आहे, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. पातेल्यातले प्रेमाने दिले तर घ्यावे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. नर्स म्हणून आम्ही एवढेच सांगू की मासोळी, अंडे, दही घातलेला पदार्थ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहिला तर खाऊ नये. आपल्या उन्हाळ्यात तर एक तासच धरा. दुपारी भरून संध्याकाळी उघडलेला डबा नाकारण्यात कसलाच कमीपणा नाही.

आता कृती. टुना ही समुद्रातली मासोळी, कोकणात तिला कुपा म्हणतात. डब्यातला टुना आधी वाफवतात आणि डबा बंद केल्यावर पुन्हा शिजवतात, म्हणून तो कोरडा, भुसभुशीत लागतो. मेयोनेज त्याला ओलावा देते, बांधून ठेवते आणि आंबटपणा आणते. ही तिन्ही कामे चक्का आणि लिंबू करतात. डबा घेताना तेलातला नको, पाण्यातला घ्या. 180-185 ग्रॅमच्या डब्यातून पाणी निथळल्यावर साधारण 130 ग्रॅम मासा हाती येतो. शंभर ग्रॅममध्ये 25 ग्रॅमच्या आसपास प्रथिने, चरबी नावालाच.

एक मोठी वाटी घट्ट दही फडक्यात बांधून तासभर टांगा. अर्धी वाटी चक्का निघेल. एक कांदा अगदी बारीक चिरून त्यावर अर्धे लिंबू पिळा आणि दहा मिनिटे राहू द्या, उग्रपणा जातो. काकडी आणि टमाटर बिया काढून चिरा, नाहीतर सगळे पाणीपाणी होते. टुना चाळणीत पाण्याखाली धरून हाताने घट्ट पिळा. पिळल्याने पाणी जाते आणि धुतल्याने थोडे मीठही जाते, बीपीच्या माणसासाठी ते हवेच. चक्क्यात चिमूटभर कुटलेली मोहरी, मिरी, एक हिरवी मिरची, मूठभर सांबार आणि एक चमचा भाजलेल्या जवसाची पूड घाला. मेयोनेजची जी झणझणीत चव जिभेला आठवते, ती मोहरीतून येते. सगळे खायच्या वेळीच एकत्र करा आणि मीठ चाखून शेवटी घाला, पुष्कळदा लागतच नाही. सहा चमचे मेयोनेजच्या जागी हे केले तर सहाशेच्या आसपासच्या कॅलरी दीडशेच्या घरात येतात. दही नसेल तर दोन अंडी पूर्ण कडक उकडून त्यांचे बलक लिंबाच्या रसात कुस्करा. चव मेयोनेजच्या जवळ जाते आणि अंडे शिजलेले असते.

इथे कोणीतरी म्हणणारच, "मासोळी आणि दही? अंगावर कोड उठेल." बैठकीतही चारजणी म्हणाल्या. मासोळी-दह्याने कोड येत नाही. कातडीला रंग देणाऱ्या पेशी शरीर स्वतःच मारू लागते तेव्हा ते डाग पडतात. बंगालात दह्यातली मासोळी पिढ्यान्पिढ्या खातात. ज्याला मासोळीची किंवा दुधाची ॲलर्जी आहे, त्याने मात्र दूर राहावे.

घरच्यासाठी मात्र डबा विकत आणू नका. एका डब्याच्या पैशात गोकुळपेठच्या किंवा मंगळवारीच्या बाजारात अर्धा किलो तरी रोहू येते. हळद-मीठ लावून पंधरा मिनिटे वाफवा, थंड होऊ द्या आणि बोटांनी चाचपत काटे काढा. रोहूचे बारीक काटे दगा देतात, म्हणून लहान मुलांसाठी दोनदा चाचपा. पुढची कृती तीच. समुद्राच्या मासोळीत हृदयाला चांगले असलेले ओमेगा-3 रोहूपेक्षा जास्त असते, हे खरे. म्हणून तर जवस. जवसातले ओमेगा-3 वेगळ्या प्रकारचे असून शरीर त्यातले थोडेच मासोळीतल्यासारखे करून घेते, पण जवस आपल्या विदर्भाचेच आहे आणि स्वस्त आहे. सुकी मासोळी वापरायची तर ती गरम पाण्यात दोनदा भिजवून पाणी टाका, मिठाचा भार फार असतो. गरोदर बाईने मोठ्या जातीचा टुना टाळावा, त्यात पारा साठतो. रोहू तिला चालते.

हलके खाणे सगळ्यांसाठी नाही, हेही सांगायला हवे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाचातली एक बाई प्रमाणाबाहेर बारीक आढळली आणि पाचातल्या एकीहून थोड्या जास्त जाड. आपल्या वस्तीत ही दोन्ही माणसे एकाच चुलीवर जेवतात. साखर-बीपी असलेल्या बापासाठी ही कृती जशीच्या तशी. त्याच घरातल्या हडकुळ्या मुलीच्या वाटीत, टीबीचे औषध चालू असलेल्या भावाच्या वाटीत दोन चमचे शेंगदाण्याचे कूट आणि चमचाभर तेल वरून घाला. त्यांना तेलाची गरज आहे. त्यांना कोणी वजनाची भीती घालू नये.

उपोसथाच्या दिवशी किंवा वर्षावासात मासोळी न खाणाऱ्या घरांत उकडलेले हरभरे अर्धे कुस्करून याच चक्क्यात घालतात, तेही छान लागते. अष्टशील घेतलेल्यांनी ते बारा वाजायच्या आत खायचे असते, म्हणून दही आदल्या रात्री फ्रीजमध्ये टांगून ठेवावे. फ्रीज नसेल तर पहाटे टांगा आणि खालच्या भांड्यात जमलेले पाणी फेकू नका, कणीक त्यातच भिजवा.