बोलण्याचा गुण, मोजून पाहिलेला

गडचिरोलीच्या खेड्यांत १९९० च्या दशकात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत केलं. नवजात बाळाचे श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखणं, वेळ पडली तर इंजेक्शन देणं त्या शिकल्या. हा प्रयोग ३९ गावांत झाला. तुलनेला ४७ गावं होती. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आला: नवजात मृत्यूंत ६२ टक्के घट.

इंजेक्शन शिकवता येतं, हे पटतं. पण खचलेल्या माणसाशी बोलणं? तेही उपचार म्हणून, ठरावीक बैठकांत, गुण येतो की नाही हे मोजून?

येतं! गोव्यात ‘संगाथ’ संस्थेनं आणि डॉ. विक्रम पटेल यांच्या चमूनं १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर ते तपासलं. कोण कुठल्या गटात जाणार, हे निव्वळ योगायोगावर सोडलं होतं. एका गटाला नेहमीचे उपचार. दुसऱ्याला त्यासोबत सहा ते आठ बैठका. समोर बसणारे समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसं होती. तीन महिन्यांनी बैठका मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, दुसऱ्या गटातले ३९ टक्के. मला तर या आकड्यांपुढे थक्क व्हायला होतं.

बैठकीत घडतं काय? नैराश्य आलं की माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. आधी शेजारी जाणं, मग बाजार, मग अंघोळसुद्धा. जितकं सुटतं तितकं मन अधिक बुडतं. समुपदेशक उपदेश करत नाही. काल सकाळपासून काय काय केलं, त्यात जरा बरं कधी वाटलं, असं विचारत राहतो. मग दोघं मिळून पुढच्या आठवड्याचं एखादंच काम ठरवतात, वार आणि वेळेसकट: बुधवारी सकाळी बहिणीकडे जायचं. मन लागलं की करीन, असं रुग्ण म्हणत असतो. इथे क्रमच उलटा: आधी करायचं, मन मागून येतं. बैठकांचं रेकॉर्डिंग होतं आणि सहकारी समुपदेशक ते ऐकून एकमेकांना गुण देतात. कौशल्य टिकतं ते या तपासणीमुळे.

विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ हा मानसिक आरोग्याचा प्रकल्प झाला. तिथे दीड वर्षात नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं. तुलनेचा गट नसल्यामुळे या पुराव्याचं वजन गोव्यापेक्षा कमी, पण वाटा उघडल्या हे नक्की.

आता हीच पद्धत जंगलात नेऊन बघा. चंद्रपूरच्या ब्रह्मपुरी, सिंदेवाही भागात मोहफुलं, तेंदूपत्ता वेचताना वाघाच्या हल्ल्यात माणसं जातात. तिथल्या विधवेला ‘पुन्हा कामाला लागा’ म्हणायचं, तर ते काम त्याच रानात आहे. तिची भीती आजार नाही, शहाणपण आहे. आठवड्याचं काम ठरवताना कोणासोबत जायचं, कोणत्या वाटेनं, कोणत्या वेळी, हेही ठरवावं लागेल. आणि गडचिरोलीतल्या भामरागडमध्ये बैठक तिथल्या माडिया बोलीतच व्हायला हवी. दुभाष्या मध्ये बसवून ‘काल काय केलंत’ विचारलं, तर उत्तर मिळेल, पण ते दुभाष्याला सांगण्याजोगं तेवढंच. गावातलीच बाई समुपदेशक असेल, तर तिला ती वाट, ते रान आणि ती बोली शिकवावी लागणार नाही. तिला शिकवायच्या त्या फक्त बैठका.